रूट कॅनाल: हाताने केलेली टिकली, मशीनने केलेली बिघडली. असं का?

कातळशिल्प | १५ जून २०२४

नमस्कार मंडळी.

माझ्या तोंडात दोन रूट कॅनाल आहेत. पहिली खालची उजवी मोठी दाढ, २००३ साली सांगलीला केलेली. तेव्हा कॉलेजात होतो. डॉक्टर वयस्कर, मदतीला एक मावशी. सुयांसारख्या बारीक फायली चिमटीत धरून फिरवायचे. दर वेळी अर्धा तास, असं पाच वेळा. शेवटी लगेच धातूची कॅप. २१ वर्षं झाली, त्या बाजूने मी आजही ऊस सोलून खातो.

दुसरी वरची डावी मोठी दाढ, २०१७ साली पुण्यात. नवा कोरा दवाखाना, मशीनवर फिरणाऱ्या रोटरी फायली, समोर स्क्रीनवर एक्सरे. एकाच बैठकीत, दीड तासात काम पूर्ण. तेव्हा मी खूश होतो.

गेल्या दिवाळीपासून त्या दाढेने चावताना कसंतरी होतं. कळ येत नाही, पण दाढ जरा उंच झाल्यासारखी वाटते. वर हिरडीवर मुगाच्या दाण्याएवढी पुळी येते, फुटते, तोंडात खारट चव येते आणि मग महिनाभर काही नाही. दोन डॉक्टरांना दाखवलं. एक म्हणतात पुन्हा रूट कॅनाल करू, दुसरे म्हणतात काढून इम्प्लांट बसवू.

निर्णय मी घेईनच, पण मूळ प्रश्न वेगळा आहे. एवढी तंत्रं बदलली, मशिनं आली, तर रूट कॅनाल जास्त वर्षं टिकायला लागली का? तुमच्या दाढांचे १०, १५, २० वर्षांचे अनुभव सांगा. हातानं की मशीननं, एक सिटिंग की चार, कॅप कधी बसवली, सगळं लिहा.

वाफाळता_चहा | १५ जून

आईची १९९८ ची आहे. हातानेच केलेली, सहा वेळा जावं लागलं होतं. ती ७४ वर्षांची आहे, दाढ अजून खणखणीत.

रेवदंडा_बंदर | १५ जून

माझं मत स्पष्ट आहे. एका बैठकीत रूट कॅनाल ही पेशंटची नाही, दवाखान्याची सोय आहे. पूर्वी डॉक्टर दोन सिटिंगच्या मध्ये आत औषध ठेवायचे, दाढ शांत झाली की मगच बंद करायचे. आता खुर्ची रिकामी करायची घाई. माझ्या चुलतभावाच्या दाढेत मशीनची फाइल तुटली, तुकडा आजही आत आहे. हातातली फाइल अडकली की बोटांना कळतं, मशीनला काय कळणार?

पिठलं_भाकरी | १५ जून

@रेवदंडा_बंदर, हाताच्या फायलीही तुटतात हो. माझ्या नवऱ्याच्या दाढेत २००१ पासून एक तुकडा आहे. दर वेळी एक्सरे काढला की नवे डॉक्टर दचकतात आणि हे त्यांनाच धीर देतात, "राहू द्या, जुना भाडेकरू आहे." एकदाही दुखली नाही.

पानमळा | १६ जून

मी सोलापुरात १९ वर्षं प्रॅक्टिस करतोय, त्यातली १४ फक्त रूट कॅनालची. एक्सरे बघितल्याशिवाय तुमच्या दाढेबद्दल काही बोलणार नाही. पण प्रश्न मोलाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

रोटरी फायली निकेल-टायटॅनियमच्या असतात. हा मिश्रधातू अमेरिकेच्या नौदलाच्या प्रयोगशाळेत तयार झाला, पुढे वाकडे दात सरळ करायच्या तारांमध्ये आला, आणि १९८८ मध्ये वालिया आणि सहकाऱ्यांनी तशाच तारेतून पहिली रूट कॅनालची फाइल कापून बघितली. स्टीलची जाड फाइल वाकड्या मुळात गेली की सरळ व्हायला बघते आणि भिंतीला खाच पाडते. ही फाइल मुळाच्या वळणाने जाते. वाकड्या मुळात चुका कमी होतात आणि वेळ वाचतो. हा फायदा खरा आहे, मी रोज अनुभवतो.

पण कुठलीही फाइल घ्या, ती आतल्या बऱ्याचशा भिंतीला शिवतच नाही. मुळाची पोकळी पाइपसारखी गोल नसते. चपटी असते, तिला फाटे असतात, दोन नळ्यांच्या मध्ये बारीक फट असते. तिथली घाण काढतं ते पाणी, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. दवाखान्यात धुण्याच्या ब्लीचसारखा वास येतो ना, तेच. त्याला मुरायला वेळ द्यावा लागतो. रोटरीने फायलीचं काम २० मिनिटांत होतं, पाण्याचं काम तेवढ्यात होत नाही. तुमच्या सांगलीच्या डॉक्टरांनी पाच बैठकांत दर फायलीमागे पिचकारी मारली असेल तर त्या दाढेला एकूण किती वेळ औषध मिळालं बघा. मशीनने वाचवलेला वेळ धुण्यात घातला तर मशीन उत्तम. तो वेळ पुढच्या पेशंटला दिला तर काय होणार?

तुटलेल्या फायलीबद्दल: मेलबर्नला २००५ मध्ये यावर अभ्यास झाला. तुकडा राहिलेले दात आणि तसेच पण तुकडा नसलेले दात ताडून बघितले, तर बरं होण्याच्या प्रमाणात मोठा फरक दिसला नाही. मुळाखाली आधीच पू झालेला असेल तर मात्र तुकड्यापलीकडची जागा साफ झाली की नाही हा प्रश्न उरतो. पिठलं_भाकरी ताई, तुमच्या यजमानांच्या दाढेत बहुधा तुकडा अडकायच्या आधीच साफसफाई होत आली होती.

कातळशिल्प, चार गोष्टी सांगा.
दोन्ही दाढांना उपचाराआधी काय होत होतं? थंड-गरम लागून कळा येत होत्या, की दाढ मेलेली होती आणि सूज होती?
पुण्याच्या कागदावर किती कॅनाल लिहिलेत?
काम करताना तोंडावर रबराचा निळा-हिरवा पडदा ताणून बसवला होता का?
वरच्या दाढेला कॅप कधी बसली?

गोदाकाठ | १६ जून

कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. रूट कॅनाल केलेला दात मेलेला असतो. शरीरात मेलेला अवयव ठेवून त्याचं विष रक्तात भिनत राहतं, यावर शंभर वर्षांपूर्वीच संशोधन झालेलं आहे. सांधेदुखी, हृदयविकार सगळं त्यातून. काढून टाका आणि मोकळे व्हा.

आकडेमोड | १६ जून

@गोदाकाठ, ते शंभर वर्षांपूर्वीचं प्रकरण पूर्ण सांगायला हवं, कारण त्यात लाखो माणसांचे चांगले दात गेले.

१९१० मध्ये विल्यम हंटर नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी माँट्रियलला मॅकगिल विद्यापीठात व्याख्यान दिलं. रोख होता कुजलेल्या मुळांवर सोन्याच्या कॅपा चढवून खाली पू साठू देणाऱ्या दंतवैद्यकावर. टीका रास्त होती. पण त्यातून लाट उठली, आणि सांधे दुखले तरी दात काढा, मन थाऱ्यावर नसलं तरी दात काढा, असं दोन-तीन दशकं चाललं. सगळे दात काढूनही सांधे दुखतच राहिले. नीट तुलना करून अभ्यास सुरू झाले तेव्हा तो सिद्धांत टिकला नाही. पू भरलेला दात तसाच ठेवणं वाईट, यात वाद नाही. तो पू बरा करायचा उपाय म्हणजेच रूट कॅनाल.

आता मूळ प्रश्नाचे आकडे. मी दाताचा डॉक्टर नाही, पोटासाठी आकडेशास्त्र करतो, आणि बायकोच्या दाढेच्या वेळी हे सगळं वाचून काढलं होतं.

आधी "यश" कशाला म्हणायचं ते ठरवू. दात तोंडात राहिला हे एक यश. एक्सरेत मुळाखालचं हाड पूर्ण भरून आलं हे दुसरं, जास्त कडक यश. पहिल्या मापाने बघा: अमेरिकेत विमा कंपनीच्या नोंदींतून सुमारे १४ लाख ६० हजार दातांचा ८ वर्षांचा हिशेब २००४ मध्ये मांडला गेला. ९७ टक्के दात तोंडात शिल्लक होते. जे काढावे लागले, त्यांतल्या ८५ टक्क्यांवर कॅप नव्हती.

दुसऱ्या मापाने: स्वीडनच्या उमिओत श्योग्रेन आणि सहकाऱ्यांनी ३५६ पेशंटांना ८ ते १० वर्षांनी परत बोलावलं आणि १९९० मध्ये निष्कर्ष छापले. सुरुवातीला मुळाखाली काळी सावली (एक्सरेत हाड झिजल्याची खूण) नसलेले दात ९६ टक्के बरे. सावली असलेले ८६ टक्के. आधीची रूट कॅनाल बिघडून सावली आलेली आणि पुन्हा केलेले, ६२ टक्के. आणि हे उपचार मोठ्या तज्ज्ञांनी नाही, दंत महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी केले होते.

मशीनबद्दल: लंडनच्या गटाने २००७ मध्ये जुने-नवे सगळे अभ्यास एकत्र केले. त्यातलं एक वाक्य मला आजही आठवतं, चार-पाच दशकांत यशाचं प्रमाण सुधारलेलं दिसत नाही. त्याच गटाने २०११ मध्ये स्वतःचे पेशंट पाहिले तेव्हा पहिल्यांदा केलेल्यांत ८३ टक्के आणि पुन्हा केलेल्यांत ८० टक्के मुळं बरी झाली. चार वर्षांनी ९५ टक्के दात तोंडात होते. म्हणजे पुन्हा करण्याचा निकाल १९९० च्या मानाने बराच चांगला. बाकी तुलना जपून करावी, कारण आता आपण पूर्वी थेट काढल्या असत्या अशा अवघड दाढाही वाचवायला घेतो.

रेवदंडा_बंदर | १६ जून

आकडे छान, पण माझ्या मुद्द्याचं काय? एक सिटिंग की अनेक?

आकडेमोड | १६ जून

त्यावर कॉक्रेनचा, म्हणजे उपचारांचे सगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा, आढावा आहे, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा अद्ययावत केलेला. दात बरा होण्यात फरक नाही. पहिल्या आठवड्यातलं दुखणं एका बैठकीत थोडं जास्त. तुमची शंका रास्त होती, पण आकडे तिच्या बाजूने नाहीत.

रेवदंडा_बंदर | १७ जून

मान्य. पण घाई आणि एक बैठक या दोन गोष्टी हातात हात घालून येतात, एवढं म्हणणं सोडणार नाही.

जाई_श्टुटगार्ट | १७ जून

इथला अनुभव सांगते. सरकारी विमा आहे, पण दाढांच्या रूट कॅनालला तो सरसकट लागू होत नाही. दातांची रांग अखंड राहणार असेल, दात टिकण्याजोगा असेल, अशा अटी आहेत. मायक्रोस्कोप, लांबी मोजायचं इलेक्ट्रॉनिक यंत्र यांचे पैसे खिशातून. त्यामुळे मी तीन आठवडे हिशेब करत बसले आणि तेवढ्यात गाल सुजला.

शेवटी तज्ज्ञाकडे गेले. रबरी पडदा बसवायला आणि तपासायलाच दहा मिनिटं. एक थेंब लाळ आत जाऊ दिली नाही. मला आधी गुदमरल्यासारखं झालं, पण पाच मिनिटांत लक्षात आलं की घशात औषध जात नाही, जीभ मध्ये येत नाही, मी निवांत श्वास घेतेय. सात वर्षं झाली. दर दोन वर्षांनी एक्सरे काढतात, हाड छान आहे.

भारतात माझ्या आधीच्या दोन्ही वेळी कापसाचे बोळे होते.

पानमळा | १७ जून

जाई ताई, हा पडदा १८६४ मध्ये न्यूयॉर्कच्या बार्नम नावाच्या दंतवैद्याने काढला. १६० वर्षं झाली आणि अजून आपल्याकडे पेशंटला विचारावं लागतं, "बसवला होता का?" तैवानमध्ये पाच लाखांहून जास्त दातांच्या नोंदी पाहिल्या, तर सुमारे साडेतीन वर्षांनी पडदा लावलेले ९०.३ टक्के आणि न लावलेले ८८.८ टक्के शिल्लक. फरक दीड टक्क्याचा वाटेल. पण पाच लाखांचा दीड टक्का म्हणजे साडेसात हजार दात. आणि लाळेतले जंतू, घशात जाणारी फाइल, हायपोक्लोराइटने भाजणारी हिरडी, हे त्या आकड्यात मोजलेलंच नाही.

जंतू हेच खरं कारण, हे १९६५ मध्ये उंदरांवर दाखवलं गेलं. दातांची नस उघडी करून ठेवली. साध्या उंदरांची नस कुजली, मुळाखाली पू झाला. जन्मापासून निर्जंतुक खोलीत वाढवलेल्या उंदरांच्या उघड्या दातात अन्नकण अडकले तरी नस जिवंत राहिली, वर नवं दंतद्रव्यही तयार झालं. मी विद्यार्थी होतो तेव्हा हे वाचून रात्रभर झोप लागली नव्हती. आमचा सगळा धंदा त्या एका प्रयोगात आहे.

पिठलं_भाकरी | १७ जून

कॅपबद्दल माझं ऐका. २०१४ ला खालच्या दाढेची रूट कॅनाल झाली. डॉक्टर म्हणाले महिन्यात कॅप बसवा. मुलीची फी आली, मग गणपती, मग दिवाळी. दुखत नव्हतं ना. संक्रांतीला गुळपोळी खाताना, चिक्कीसुद्धा नाही हो, गुळपोळी, एक कटकन आवाज आला. दाढ उभी दोन फाकांत, मधोमध. आतली गुलाबी काडी आरशात दिसत होती. डॉक्टरांनी बघितलं आणि मान हलवली. रूट कॅनाल उत्तम झाली होती, एक्सरेत अजूनही सुंदर दिसते. दाढ मात्र कागदात गुंडाळून घरी आणली.

दर्यावर्दी | १८ जून

पिठलं_भाकरी ताईंनी गुलाबी काडी म्हटलं म्हणून थोडं अवांतर. ती काडी म्हणजे गट्टापर्चा, मलायातल्या झाडाचा चीक. १८४० च्या दशकात तो युरोपात पोहोचला. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात कुजत नाही, गरम केला की मऊ, गार झाला की कडक. म्हणून १८५१ मध्ये इंग्लंड-फ्रान्सच्या मधल्या समुद्रातून तारयंत्राची केबल टाकली तेव्हा तिच्यावर गट्टापर्चाचंच वेष्टण होतं. १८६७ मध्ये सेंट लुईसच्या बोमन यांनी तो दाताच्या मुळात भरला. मी जहाजावर इलेक्ट्रिकल अधिकारी होतो. केबलचा हा इतिहास मला पाठ होता, पण तेच माझ्या दाढेत आहे हे निवृत्तीनंतर कळलं. फार आनंद झाला.

वाफाळता_चहा | १८ जून

वा! असे प्रतिसाद वाचायलाच मी इथे येतो.

बरं, काकांच्या दातात चांदीची काडी आहे म्हणतात, सत्तरच्या दशकात दादरला भरलेली. असं होतं का?

पानमळा | १८ जून

होतं. बारीक वाकड्या मुळात चांदीची काडी सहज जायची आणि एक्सरेत पांढरीशुभ्र दिसायची. पण गोल काडी, चपटी पोकळी, त्यामुळे कडेने फट. पाझर लागला की चांदी गंजायची, काळी पडायची. म्हणून बंद झाली. काकांचा दात शांत असेल तर उगाच उकरू नका, फक्त एक्सरे काढून ठेवा.

सानिका_१९ | १८ जून

मी शासकीय दंत महाविद्यालयात बीडीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. आकडेमोड काकांनी विद्यार्थ्यांचं लिहिलं ते वाचून खूप बरं वाटलं. आमच्याकडे एका दाढेला चार-पाच वेळा यावं लागतं म्हणून पेशंट वैतागतात. पण प्रत्येक पायरीला मॅडमची सही लागते. लांबी मोजली, एक्सरे दाखवा. काडी घालून बघितली, एक्सरे दाखवा. एक मिलिमीटर कमी पडली तर पुन्हा करा. परवा एका आजोबांची खालची दाढ सहाव्या वेळी भरून झाली, त्यांनी जाताना माझ्या हातात दोन पेरू ठेवले.

कातळशिल्प | १९ जून

डॉक्टर, तुमच्या प्रश्नांची उत्तरं द्यायला जुनी फाइल शोधली आणि सांगलीला आईला फोन केला.

सांगलीची दाढ: थंड पाण्याने कळा यायच्या, रात्री झोप नाही. सूज नव्हती. कॅप आठवड्यात.

पुण्याची दाढ: आधी वर्षभर किडलेली होती, दुखायची थांबली म्हणून मीच दुर्लक्ष केलं. मग एकदम गाल सुजला, पाच दिवस गोळ्या घेतल्या, मग रूट कॅनाल. कागदावर "३ कॅनाल". रबरी पडदा नव्हता, कापूस होता. कॅप १४ महिन्यांनी. तोवर सिमेंट होतं, त्याचा एक कोपराही उडाला होता.

पानमळा | १९ जून

मग तुम्ही हात आणि मशीन यांची तुलना केलीच नाही. तुलना झाली ती दोन वेगळ्या आजारांची. सांगलीला आलेली नस जिवंत होती, सुजलेली पण जिवंत. मुळाच्या टोकाला जंतू पोहोचलेच नव्हते. पुण्याला पोहोचेपर्यंत दाढ मेलेली, आत जंतूंची वसाहत, मुळाखाली पू. वर आकडेमोड यांनी दिलेले ९६ आणि ८६ आठवा. तो दहा टक्क्यांचा फरक दवाखान्यात पाऊल ठेवण्याआधीच पडलेला असतो.

दुसरं, वरच्या पहिल्या मोठ्या दाढेला तीन मुळं, पण पुढच्या गालाकडच्या मुळात निम्म्याहून जास्त लोकांना दोन नळ्या असतात. दुसरी फार बारीक. साध्या एक्सरेत ती पहिलीच्या मागे लपते. सीबीसीटी स्कॅन (दाढेचे आडवे-उभे काप दाखवणारा त्रिमितीय एक्सरे) करून घ्या, काढायचा निर्णय त्यानंतर.

तिसरं, १४ महिने, आणि कोपरा उडालेलं सिमेंट. त्यातून लाळ झिरपते.

आकडेमोड | १९ जून

तिसऱ्या मुद्द्यावर थोडा वाद आहे. १९९५ मध्ये फिलाडेल्फियात १०१० दातांचे एक्सरे पाहिले. आतलं भरण आणि वरचं बांधकाम दोन्ही चांगलं तर ९१ टक्के ठीक, दोन्ही वाईट तर १८. आतलं वाईट पण वरचं चांगलं ६८, आणि आतलं चांगलं पण वरचं वाईट फक्त ४४. यावरून वरचं बांधकामच जास्त महत्त्वाचं असं लोक म्हणू लागले. २००० साली नॉर्वेत तोच प्रयोग केला तर आतलं भरण जास्त महत्त्वाचं निघालं. एक्सरेत पांढरं दिसलं म्हणजे आत स्वच्छ असतंच असं नाही, त्यामुळे मी दोन्हींतल्या क्रमापेक्षा त्या ९१ आणि १८ कडे बघतो.

गोदाकाठ | २० जून

हंटरची गोष्ट मला अर्धीच माहीत होती. आकडेमोड, धन्यवाद. माझ्या बहिणीची दाढ पुढच्या आठवड्यात काढायची ठरली होती, तिला आधी तज्ज्ञाकडे नेतो.

मेथीची_जुडी | २० जून

माझ्या मुलीला (वय १७) कळा येतात, डॉक्टर म्हणाले पूर्ण रूट कॅनाल नको, वरची नस कापून औषध भरू. हे अर्धवट काम तर नाही ना?

पानमळा | २० जून

नाही. खालची नस जिवंत असेल, रक्त काही मिनिटांत थांबलं, तर वर एमटीएसारखं सिमेंट भरून दाढ जिवंत ठेवता येते. इराणमध्ये पक्क्या दाढांवर पूर्ण रूट कॅनालशी तुलना करून पाच वर्षं पाठपुरावा केला, निकाल तोडीस तोड आले. १७ व्या वर्षी नस वाचत असेल तर जरूर वाचवा. वर मजबूत बांधकाम आणि वर्षाने एक्सरे, हे मात्र सोडू नका.

कातळशिल्प | ८ जुलै २०२४

सीबीसीटी झाला. डॉक्टरांनी स्क्रीनवर दाढेचे आडवे काप एकेक करून सरकवले. तीन पांढरे ठिपके, त्यात गट्टापर्चा. आणि पुढच्या मुळात पांढऱ्या ठिपक्याशेजारी एक बारीक काळा ठिपका, रिकामा. चौथी नळी. सात वर्षं कुणी शिवलेली नाही. त्याच मुळाखाली काळी सावली.

त्याच वेळी सांगलीच्या दाढेचाही साधा एक्सरे काढला. डॉक्टर बघत राहिल्या. भरण मुळाच्या टोकापासून जवळजवळ तीन मिलिमीटर आधीच थांबलंय. आजच्या नियमाने नापास. आणि हाड एकदम निरोगी.

सानिका_१९ | ८ जुलै

आमच्या मॅडमनी ही दाढ सहीच केली नसती! 🙂

आकडेमोड | ८ जुलै

श्योग्रेनच्या अभ्यासात अगदी हेच आहे. सावली असलेल्या मेलेल्या दातांत भरण टोकापासून दोन मिलिमीटरच्या आत असेल तर ९४ टक्के बरे, त्याहून आखूड असेल तर ६८, टोकाबाहेर गेलेलं ७६. जिवंत नसेच्या दातांत मात्र लांबीने फारसा फरक पडला नाही. तुमच्या दोन दाढांनी तो तक्ता एका तोंडात दाखवला.

रेवदंडा_बंदर | ९ जुलै

मग इम्प्लांट की पुन्हा रूट कॅनाल?

पानमळा | ९ जुलै

टिकण्याच्या बाबतीत दोन्हींच्या आढाव्यांत फारसा फरक दिसत नाही. पण इथे बिघाडाचं कारण डोळ्यांनी दिसतंय आणि ते दुरुस्त करता येतं. मूळ तडकलेलं असतं तर मीच काढा म्हटलं असतं. स्वतःची दाढ गेली की परत येत नाही, इम्प्लांटचा पर्याय पाच वर्षांनीही असतो.

कातळशिल्प | २ ऑगस्ट २०२४

पुन्हा रूट कॅनाल झाली. दोन बैठका, मधे दोन आठवडे आत औषध. निळा पडदा, पुदिन्यासारखा वास असलेला. जुनी कॅप कापली, आत संत्र्याच्या तेलाचा थेंब टाकून जुना गट्टापर्चा मऊ केला आणि काढला. डॉक्टरांनी तो गॉजवर ठेवून दाखवला. गुलाबी राहिलेला नव्हता, करडा झाला होता, आणि त्याला साचलेल्या गटारासारखा वास होता. तो माझ्या तोंडातून आला यावर विश्वास बसेना.

चौथी नळी मायक्रोस्कोपखाली सापडायला ४० मिनिटं लागली. सापडली तेव्हा त्या नुसतं "आहे" म्हणाल्या आणि त्यांच्या मदतनीस मुलीने टाळी वाजवली. फायली मशीनच्याच होत्या, पण त्या नळीत पहिली गेली ती हाताची, सगळ्यात बारीक. कॅप दहाव्या दिवशी.

पानमळा | २ ऑगस्ट

आता धीर धरा. हाड भरायला वेळ लागतो, कधी कधी चार वर्षंही. पुळी गेली की नाही एवढं सांगा, आणि वर्षाने एक्सरे काढून इथे कळवा. बहुतेक जण कळवत नाहीत.

कातळशिल्प | २४ ऑगस्ट २०२५

कळवतोय. पुळी तिसऱ्या आठवड्यात गेली ती परत आली नाही. काल वर्षाचा एक्सरे काढला. दोन्ही शेजारी लावून बघितले. वाटाण्याएवढी सावली होती, ती आता मोहरीएवढी उरली आहे आणि कडेने हाडाची जाळी दिसायला लागलीय. पुढचा एक्सरे २०२६ च्या ऑगस्टमध्ये.

सांगलीचे डॉक्टर आता नाहीत. त्यांचे चिरंजीव तोच दवाखाना चालवतात. मे महिन्यात गावी गेलो तेव्हा त्यांना दाढ दाखवून आलो. त्यांनी वडिलांची जुनी वही काढली. माझ्या नावापुढे पाचही तारखा होत्या आणि प्रत्येकीपुढे, बारीक अक्षरात, "धुतले".